दूरदेशी सेवेला जाणाऱ्यांच्या मनात काय असतं?

माझी भाची यंदा बी.कॉम. झाली. नोकरीवर रुजू व्हायला अजून दोन महिने आहेत. परवा तिने मला व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. नेपाळमध्ये तीन आठवडे राहायचं, अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि शेवटचे चार दिवस पोखरा फिरायचं. राहण्याजेवण्यासकट फी भरायची, विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. खाली तिचा प्रश्न होता, "मावशी, जाऊ का?"

मला दोन ओळींत उत्तर देता येईना. आपलं घर, आपली भाषा सोडून, पदरचे पैसे घालून माणसं गरीब देशांत फुकट काम करायला का जातात, याचं एक ठरलेलं उत्तर आहे की ती चांगली असतात. दुसरं उत्तरही तितकंच ठरलेलं आहे की त्यांना फोटो काढून मिरवायचं असतं. मला दोन्ही पटत नाहीत. म्हणून तिला सांगायचं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात विक्रोळीपासून करू. १९६६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातून एक नर्सबाई भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत कामाला लागल्या. वय ६८. नाव लिलियन कार्टर. त्यांचा मुलगा जिमी पुढे १९७७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण तेव्हा तो भुईमुगाची शेती सांभाळून राज्यातलं राजकारण करत होता. लिलियनबाई 'पीस कोअर'तर्फे आल्या होत्या. केनेडींनी १९६१ च्या मार्चमध्ये सुरू केलेली ही सरकारी योजना. साधारण तीन महिने प्रशिक्षण, मग दोन वर्षं परदेशात काम, तिथल्या माणसासारखं राहता येईल एवढाच खर्चाचा भत्ता. निघण्यापूर्वी त्यांना मराठीचेही धडे दिले गेले.

त्या का आल्या? एक कारण जुनं होतं. गोऱ्यांनी काळ्यांना दाराबाहेर उभं करायचं अशा काळात आणि अशा गावात त्या काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करत आल्या होत्या. हा त्यांचा पिंडच होता. पण दुसरं कारण घरातलं होतं. १९५३ मध्ये नवरा गेला. मुलं आपापल्या संसारात. त्यांनी कॉलेजातल्या मुलांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली, वृद्धाश्रम चालवला, तरी मन लागेना. एका रात्री टीव्हीवर पीस कोअरची जाहिरात दिसली, वयाची अट नाही असं सांगणारी, आणि त्यांनी अर्ज केला. एकाच बाईच्या एकाच निर्णयात करुणा आहे, रिकामपण आहे आणि अजून आपण कामाचे आहोत हे पाहण्याची ओढही आहे. यातलं खरं कारण कोणतं, असं विचारण्यात अर्थ नाही.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. गिल क्लेरी आणि मार्क स्नायडर या अमेरिकी संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर १९९८ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. फुकट काम करून माणसाची स्वतःची कोणती गरज भागते, हे तिच्यातून तपासता येतं. त्यांच्या मते अशा गरजा सहा. आपल्या मनातली मूल्यं कृतीत आणता येणं ही पहिली. नवं जग, नवं कौशल्य शिकणं ही दुसरी. मित्रमंडळी जातात, घरात मान मिळतो म्हणून जाणं ही तिसरी. चौथी नोकरीधंद्याची, अमेरिकेत वाढणारी मराठी मुलं सुट्टीत इथल्या संस्थांमध्ये पंधरा दिवस घालवतात, त्यात कॉलेज-प्रवेशाच्या अर्जाचा विचार अनेकदा असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाचवी स्वतःच्या दुःखापासून, अपराधी वाटण्यापासून थोडी सुटका. सहावी स्वतःबद्दल चांगलं वाटणं. या सहा गरजा एकाच माणसात एकत्र नांदतात, फक्त प्रमाण वेगळं. पीस कोअरच्या सुरुवातीच्या काळात तर आणखी एक गोष्ट होती. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि पीस कोअरमध्ये असेपर्यंत सक्तीची लष्करभरती सहसा पुढे ढकलली जायची. कित्येक तरुणांच्या मनात तेही होतं.

आता यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. १९९५ मध्ये ॲलन ओमोटो आणि याच स्नायडर यांनी एड्सच्या रुग्णांना सोबत करणाऱ्या ११६ स्वयंसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडीच वर्षं त्यांचा माग ठेवला होता. जास्त काळ कोण टिकलं? आपल्याला वाटेल, परोपकारी वृत्तीचे. निघालं वेगळंच. शिकायला मिळतं, आपली वाढ होते, स्वतःबद्दल बरं वाटतं, अशी स्वतःपुरती कारणं ज्यांनी ठळकपणे सांगितली होती ते अधिक टिकले. मला याचं कारण असं दिसतं: जो केवळ द्यायला जातो तो समोरच्याच्या कृतज्ञतेवर जगतो आणि आजारी, थकलेली, रागावलेली माणसं रोज कृतज्ञ नसतात. जो शिकायलाही गेलेला असतो त्याला वाईट दिवशीसुद्धा काहीतरी मिळतं.

हे मी अनुभवाने सांगते. आई गेल्यानंतर माझे शनिवार खायला उठायचे. इतकी वर्षं ते तिच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत जात होते. म्हणून मी एका बालगृहात मुलींना गणित शिकवायला जाऊ लागले. समाजाचं ऋण वगैरे शब्द मला तेव्हा सुचलेही नव्हते. मला शनिवार दुपारी कुठेतरी असायचं होतं. तरी सातवीच्या मुलींना अपूर्णांक आले, ते खरेच आले. हेतू शुद्ध होता की नाही याने त्यांच्या भागाकारात काही फरक पडला नाही. मी दर शनिवारी येते की नाही, याने मात्र पडला असता.

मग दूर का जायचं? गरीब माणसं घराजवळही असतात. याची उत्तरं मला थोडी अवघड वाटतात, पण ती टाळून चालणार नाही. आपल्या गल्लीतल्या गरिबीशी आपला संबंध गुंतागुंतीचा असतो. घरकामाच्या मावशींची मुलगी शाळा का सोडते, याचा धागा आपण त्यांना काय पगार देतो इथपर्यंत येऊ शकतो. परदेशात तसा धागा आपल्यापर्यंत येत नाही. तिथे आपण हिशेबाबाहेरचे असतो आणि म्हणून मन मोकळं करून देऊ शकतो. शिवाय आपली किंमत तिथे अचानक वाढते. लंडनमधल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच्या गावात कुणी वर्गावर उभं करणार नाही. घानामधल्या खेड्यातल्या शाळेत तो पहिल्या दिवशी 'सर' होतो. आपण कुणालातरी हवे आहोत ही भावना तरुण माणसाला किती लागते, हे आठवून पाहा. त्यात प्रवासाची हौस असते, शिक्षण आणि नोकरी यांच्यामधली मोकळी फट असते आणि टीव्हीवर, फोनवर पाहिलेल्या एखाद्या चेहऱ्याने लावलेला चटका असतो. आकडे माणसाला हलवत नाहीत, एक चेहरा हलवतो. मदत मागणारे सगळे हे जाणतात.

पाठवणाऱ्यांचेही हेतू असतात. पूर्वी धर्म हा मोठा हेतू होता. मिरजेला १८९४ मध्ये दवाखाना उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस मिशनरी म्हणून आले आणि जवळपास चाळीस वर्षं राहिले; सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. पुढे संस्था आणि सरकारं आली. ब्रिटनमध्ये १९५८ साली परदेशी स्वयंसेवक पाठवणारी व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही संस्था निघाली, तिचे पहिले स्वयंसेवक नुकती शाळा संपवलेली मुलं होती. अमेरिकेने पीस कोअर काढलं ते शीतयुद्धाच्या ऐन भरात, नव्याने स्वतंत्र झालेले देश सोव्हिएत बाजूला झुकू नयेत हा विचार त्यामागे उघड होता. भारतात चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. दोन देशांचे संबंध बिघडत गेले तशी संख्या घटली आणि १९७६ मध्ये इथलं काम बंद झालं. कोंबडीपालन किंवा नर्सिंग करायला आलेल्या मुलामुलींना या राजकारणाशी फारसं देणंघेणं नसावं. पण आपण कुणाच्या गाडीत बसून आलो आहोत, हे प्रवाशाला माहीत असलेलं बरं.

उलट दिशेनेही पाहायला हवं. गरीब देशात जाऊन सेवा करणारा नेहमी श्रीमंत देशातला असतो असं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा आपला देशच पारतंत्र्यात होता. जपानने चीनवर आक्रमण केलं होतं. चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं आणि पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस २८ वर्षांचेसुद्धा नव्हते, मुंबईतून डॉक्टर होऊन पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते. घरच्यांना चीन ठाऊक होता तो दारोदार रेशीम विकत हिंडणाऱ्या चिनी फेरीवाल्यांपुरता.

त्यांच्या मनात काय असेल? साम्राज्याशी लढणाऱ्या दुसऱ्या लोकांबद्दलची आपुलकी नक्कीच. तरुण डॉक्टरची साहसाची ओढही असणार. पण पुढे त्यांनी जे केलं त्यापुढे हा प्रश्न मागे पडतो. बरोबरचे डॉक्टर एकेक करून परतले, कोटणीस राहिले. चिनी बोलायला, लिहायला शिकले. आघाडीवर दिवसचे दिवस शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इन्हुआ: 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले.

भाचीला मला कोटणीसांसारखी हो असं अजिबात सांगायचं नाही. तिचे तीन आठवडे आहेत आणि तिला आयुष्य उभं करायचं आहे. पण त्या गोष्टीतल्या तीन गोष्टी बारकाईने पाहाव्यात असं वाटतं. बोलावणं तिथून आलं होतं. गेलेल्याच्या हातात तिथे नसलेलं कसब होतं. आणि त्याचं चुकलं तर कान धरणारे वरिष्ठ तिथे होते, कारण तो त्यांच्या शिस्तीत काम करत होता.

या तीन गोष्टी नसल्या आणि नुसती इच्छा आणि पैसे असले की काय होतं, ते कंबोडियात दिसलं. अंगकोर वाटची मंदिरं पाहायला जगभरातून पर्यटक येतात. त्यातल्या अनेकांना सहलीबरोबर काही चांगलं काम करायचं असतं आणि मुलांसोबत राहण्याइतकं गोड काम दुसरं नाही. युनिसेफने २०११ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथली अनाथालयं ७५ टक्क्यांनी वाढली. देशात अनाथ मुलं काही तेवढी वाढली नव्हती. अनाथालयांत राहणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांच्या आई-वडिलांपैकी निदान एक जण जिवंत होता.

ही साखळी समजून घ्या, कारण ती कुणा एका दुष्ट माणसामुळे चालत नाही. खेड्यातल्या गरीब आईला कुणीतरी सांगतं, मुलाला शहरात पाठव, पोटभर जेवेल, इंग्रजी शिकेल. ती बिचारी त्याच्या भल्यासाठी पाठवते. मुलं आहेत म्हणून पाहुणे येतात, पाहुणे येतात म्हणून पैसे येतात, पैसे येतात म्हणून आणखी मुलं लागतात. जिथे चालक लबाड असतो तिथे मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यांत ठेवलं जातं, कारण चांगल्या कपड्यातलं मूल पाहून पाकिटं उघडत नाहीत. नेपाळमध्येही हेच झालं. हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून मुलं आणली गेली आणि बहुतेक बालगृहं निघाली ती काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची वाहतूक हाही गुलामगिरीचाच प्रकार आहे, हे तिथल्या संसदेने मान्य केलं.

आणि जिथे सगळं प्रामाणिकपणे चालतं तिथलं काय? मी जायचे ते बालगृह प्रामाणिक होतं. मुली खरोखर निराधार होत्या, जेवण चांगलं होतं, बाई प्रेमळ होत्या. तिथे पंधरा-पंधरा दिवसांसाठी स्वयंसेवक येत, काही परदेशी, काही आपल्याच कॉलेजांतले. एका दुपारी मी माझा वर्ग सुरू व्हायची वाट पाहत व्हरांड्यात बसले होते. आत एक नवीन आलेली मुलगी रंगांची इंग्रजी नावं शिकवत होती. रेड, ब्लू, यलो. तिने सुंदर चित्रं काढून आणली होती, त्यासाठी जागली असणार. मुली मोठ्याने म्हणत होत्या, चुकत होत्या, पुन्हा म्हणत होत्या. त्या वर्षातली ती चौथी रेड-ब्लूवाली ताई होती. मुलींना रंग केव्हाच पाठ झाले होते. ताईला वाईट वाटू नये म्हणून त्या चुका करत होत्या. नंतर मी एकीला विचारलं तर ती म्हणाली, "तिने एवढी चित्रं काढलीत ना."

त्याच आठवड्यात एक आठेक वर्षांची नवीन मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली. मला ती पहिल्यांदाच पाहत होती. तिने माझं नाव विचारलं नाही. विचारलं, "तुम्ही कधी जाणार?"

अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारं मूल पाहुण्याला गोड वाटतं. मुलांसोबत काम करणाऱ्या जाणकारांच्या काळजात मात्र धस्स होतं. लहान मूल एकदोन मोठ्या माणसांना धरून वाढतं. पडलं, भ्यालं, तर त्यांच्याकडेच धावतं आणि परक्याला बिचकतं. ते बिचकणं हे चांगलं लक्षण. माणसं सारखी बदलत गेली की हा आधार बांधलाच जात नाही, आणि मूल मिळेल त्याच्याकडून मिळेल तेवढी माया ओढून घ्यायला शिकतं. जाणारी ताई रडत रडत जाते, तिचं प्रेम खोटं नसतं. पण मुलांच्या वाट्याला दर पंधरवड्याला एक निरोप येतो. कंबोडियात याच काळात 'मुलं ही पर्यटनस्थळं नव्हेत' अशी मोहीम फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने चालवली, ती यासाठीच.

म्हणजे थोड्या दिवसांसाठी जाणं वाईट, असं मी म्हणणार नाही. लिलियनबाईंचा मुलगा, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला आला होता. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'च्या शिबिरात देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी तिथल्या कुटुंबांबरोबर घरं बांधली. आठवड्याभराचंच काम. पण घर राहणाऱ्याचं होतं, राहणारा स्वतः विटा उचलत होता आणि पाहुणे गेले म्हणून भिंत कुणाची वाट पाहत नाही. पुण्याच्या 'मैत्री' संस्थेची मेळघाटातली धडक मोहीमही अशीच. पावसाळ्यात, जेव्हा बालमृत्यू वाढतात, तेव्हा स्वयंसेवक दहा-दहा दिवसांच्या तुकड्यांनी जातात. एक तुकडी उतरते, दुसरी चढते, पण कुठल्या घरात कोणतं मूल अशक्त आहे याची नोंद हातोहात पुढे जाते आणि गावातली माणसं मोहिमेत असतात. थोडे दिवस चालतात, जर कामाला थोडे दिवस पुरत असतील किंवा मागे सांभाळणारं कुणी असेल. मूल सांभाळण्याचं काम त्यात बसत नाही.

विक्रोळीच्या बाईंकडे परत जाते. त्यांना आधी कुटुंबनियोजनाच्या कामाला लावलं होतं, ते त्यांना जमेना, जिवावर यायचं. मग त्या दवाखान्यात रुजू झाल्या. तिथे त्यांचं नर्सिंग उपयोगी पडलं. कुष्ठरुग्णांना हात लावायलाही त्या पुढे शिकल्या. १५ ऑगस्ट ही त्यांची जन्मतारीख. १९६८ च्या स्वातंत्र्यदिनी त्या सत्तर वर्षांच्या झाल्या, विक्रोळीतच. पुढच्या महिन्यात परत गेल्या तेव्हा वजन खूप उतरलं होतं. विधवेचं रिकामपण भरून काढायला आलेली बाई एकवीस-बावीस महिने ड्रेसिंग करत, औषधं देत राहिली. दवाखान्याच्या रांगेतल्या माणसाला त्या रिकामपणाशी काय करायचं होतं?

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं, दीड तास. ती मधेच म्हणाली, "मग मला जावंसं वाटतं ते चूक आहे का?" मी म्हटलं, अजिबात नाही, जावंसं वाटणं फार चांगलं आहे, ते जपून ठेव. फक्त पैसे भरण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचार. या मुलांचे आई-वडील किंवा नातेवाईक आहेत का, आणि असले तर मुलांना घरी परत पाठवायचे काय प्रयत्न चालू आहेत? मी नसते तर हे काम पगार घेऊन कोण करतं, आणि मी आल्याने त्या माणसाचा पगार जातो का? माझी पोलिस-पडताळणी न करता तुम्ही मला मुलांसोबत झोपायच्या जागेपर्यंत जाऊ देणार आहात का?

तिने त्याच रात्री प्रश्न पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं. जागा थोड्याच उरल्या आहेत असं लिहिलं होतं आणि खाली पैसे भरायची लिंक होती. तिने अजून पैसे भरलेले नाहीत.